तुमची टोपी विंचरते

पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणाले,
"बसा, तुमची टोपी विंचरते."
म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.
कापेल्ली म्हणजे केस, काप्पेल्ली म्हणजे टोप्या.
ओठ क्षणभर जास्त मिटून धरायचे,
तिकीट चिकटवताना अंगठा दाबून धरतो तसे.
माझे ओठ घाईचे.

हात म्हणजे मानो. शेवटी ओ, तरी स्त्रीलिंगी.
का, विचारलं तर म्हणाला,
"तसंच असतं. मीही तसंच पाठ केलं."
तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

गुरुवारी दुपारी सुटी.
बागेतल्या बाकावर हालिना, स्तेफा, मोल्दोवाची वियोरिका,
सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकत
एकमेकींचे शब्द तपासायचो:
रक्तदाब, चादर, जेवले नाहीत, आज शांत आहेत.
आमची इटालियन एवढीच,
एका म्हातारपणाच्या मापाची बेतलेली.
भांडायचं, लाजायचं, खोटं बोलायचं
तर युक्रेनला फोन लावावा लागे.

दारावर पितळी पाटी: बेविलाक्वा.
शब्दकोशात फोडून पाहिलं. पाणी-प्या.
असलं कुठे आडनाव असतं?
दर शनिवारी ती पाटी मी लिंबानं घासायचे.

जानेवारीत बोरा सुटला.
त्रिएस्तच्या उतारावर स्कूटर आडव्या पडल्या,
आणि त्याच रात्री त्याच्या डोक्यात काहीतरी फुटलं.
इस्पितळातून आला तो अर्धाच.
इटालियन उजव्या हाताबरोबर गेली.

"पप्पा बरळतात," पादोव्हाहून दोनातेल्ला,
"तुम्ही मनावर घेऊ नका."

पहाटे तीनला तो म्हणाला, "व्होदे."
मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, पेला भरला,
आणि पेला काठोकाठ आला तेव्हा लक्षात आलं
की मधे कुठे शब्दकोश लागलाच नाही.
आमच्याकडे व्होदी म्हणतात.
आई म्हणते, खळ्यातून, दमून आल्यावर.

परत आले तर
त्याचा डावा हात पांघरुणाबाहेर,
तळवा वर, बोटं ताठ, डोळे गच्च मिटलेले.
मला वाटलं, पेला मागतोय.
गार काच टेकवली तसा तो केवढा दचकला.

खालच्या मजल्यावरच्या झोरानं सांगितलं,
जिन्यातच, पिशवी खाली न ठेवता:
"शाळेत स्लोव्हेनियन शब्द तोंडून गेला की पट्टी.
आडनावही तेव्हाचंच. व्होदोपिवेत्स होते ते.
कारकुनानं बदललं, पण भाषांतर नीट केलं हो."

म्हणजे मी ज्याच्याकडून शिकले
तोही शिकलेलाच.
ऐंशी वर्षं त्याचा एक जोड-प चुकला नव्हता.

आता आमचे काही शब्द जुळतात, काही नाही.
हिवाळा दोघांचा झीमाच.
पावाला मी ख्लिब म्हणते.
"क्रुह," तो म्हणतो. "क्रुह,"
धड हातानं गादीवर टकटक करत.
मी वहीत लिहून ठेवते,
कारण परवा सूर्य होता त्याच्याकडे, काल नव्हता.

रविवारी दोनातेल्ला आली.
अठ्ठावन्न वर्षांची, मुलांना लॅटिन शिकवते.
"काय म्हणतायत?"
"पाणी."
"पाण्याला काय म्हणतात?"
मी सांगितलं. तिनं कोट न काढताच म्हणून पाहिलं,
दोन्ही स्वर लांबवून, व्होदा,
जणू गावाचं नाव विचारतेय.
डावा हात हळूच बाहेर आला, तळवा वर.
तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो नुसता धरला.

मी फणी घेऊन आले.
"तुमची टोपी विंचरते," म्हटलं, मुद्दाम.
"केस," दोनातेल्ला म्हणाली, मान न वळवता, "एकच प."
तो हसला की खोकला,
कळलं नाही.